तिसऱ्या

ओहोटीला आई खाडीत उतरायची.
चिखलात तिसऱ्या कुठे आहेत
ते तिच्या टाचेलाच कळायचं, डोळ्यांना नंतर.
आणि संध्याकाळी शाळेमागे, सड्याच्या कडेला,
ताई मोजत असायची तिसरी:
पहिली लंगडी, दुसरी ढांग, तिसरी उडी.
मी फावड्यानं वाळू सारखी करायचो.
तेवढंच माझं काम. अकरा वर्षं.
(वाळू वेंगुर्ल्याच्या बंदरावरची. कधी तिच्यात
शिंपल्याचा तुकडा निघायचा, मांडी चिरायची.
ताई पुन्हा पळत मागे जायची.)

बूट म्हणजे स्टँडवरच्या गुणाजीकाकांनी
टायरचा तळ लावून शिवलेलं कॅनव्हास.
त्यांच्यावरच ती गेली बारा मीटर आठ.
त्यानंतर पतियाळा. त्यानंतर टाच.

टाचेबद्दल ती फार बोलत नाही.
एक्सरे मात्र ठेवलाय टेबलाच्या काचेखाली,
लोकांच्या घरांच्या नकाशांखाली:
एक पांढरा चिरा,
त्याच्यात केसाएवढी भेग.

आर्किटेक्ट झाली तेव्हा बाबा म्हणाले,
"म्हंजे आता उडूचा नाय, बांधूचा."
मठच्या कामावर गवंडी हसले,
ही बाई चपला काढून जोत्यावर चालते,
टाच आपटून ऐकते
चिरा भरीव आहे की पोकळ.
तीन चिरे बदलायला लावले तिनं.
तिन्ही पोकळ निघाले.

सात घरं, मासळी सुकवायचा एक ओटा,
आणि दीपगृहाकडून खाली येणाऱ्या पायऱ्या.
मी म्हणालो उंची सहा इंच, ती म्हणाली साडेपाच.
त्या अर्ध्या इंचावरून आम्ही
गणपती होईपर्यंत बोलत नव्हतो.
आता त्याच पायऱ्या मी रोज उतरतो. काही म्हणत नाही.

बूट नंतर आले. की आधीपासूनच होते?
एका रात्री जोत्याचा छेद काढता काढता
पेन्सिल थांबली नाही तिची,
चिऱ्यांच्या जागी बोटं आली, कमान आली,
भार कुठून कुठे उतरतो
त्याचे बारीक बाण आले.

गुणाजीकाका तोवर गेले होते.
सुनेनं माळ्यावरून कलबूत काढून दिलं,
लाकडी, उजव्या पायाचं, एकच.
रबर दोडामार्गच्या बागेतलं.
चौदा नमुने फुकट गेले.
पंधरावा आंबूरच्या कारखान्यानं परत पाठवला,
तळ फार पातळ आहे म्हणून.
ती म्हणाली, जाड तळ खोटं बोलतो.
जमीन कळली पाहिजे, नुसती टोचता कामा नये.
मला हे तेव्हा पटलं नव्हतं.
आताही निम्मंच पटतं.

एक वार्ताहर येऊन लिहून गेला,
खेळाडू, वास्तुविशारद, बुटांची रचनाकार,
आयुष्याचीच तिहेरी उडी.
ताईनं कात्रण घडी घालून कलबुताखाली सारलं.
यानं कधी उडी मारलेली नाही, म्हणाली.
हवेत काहीच नसतं रे.
जे काय असतं ते पाय टेकतो तिथं.

पहिली पक्की जोडी आईला.
आई ती घालून ओट्यापर्यंत गेली, परत आली, काढली.
"माज्या पायाक चिखल कळता.
ह्येका काय कळतला?"
ताईला राग यायला हवा होता.
ती तळ उलटा करून
दिवेलागणीपर्यंत बघत बसली.

परवा पहाटे खाडीत दोघी.
आई पुढे, ताई मागे, अनवाणी,
उजवी टाच अजून किंचित उचललेली.
मी काठावर, हातात दोन जोड चपला.
"काय लागता गो?"
"काय नाय. थांब."
मग ती वाकली, कोपरापर्यंत हात घातला,
आणि टोपलीत काहीतरी खट्कन पडलं.
तिची पहिली तिसरी.
आईनं उचलून कानाशी हलवली.
"रिकामी आसा," म्हणाली. "ऱ्हवांदे तरी."